मॉस, कुंडीतील माती आणि न भरणारा व्रण

सुमारे चार वर्षांपूर्वी बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ उजव्या तर्जनीवरील लहानसा व्रण दाखविण्यासाठी माझ्या चिकित्सालयात आले. वेदना अल्प, ज्वर नाही, मधुमेहही नाही. आरंभी लालसर पुटकुळी होती, ती फुटून व्रण झाला, एवढाच इतिहास त्यांनी सांगितला आणि मीही तेवढाच विचारला. त्रिफळा क्वाथाने प्रक्षालन, जात्यादि तेलाची पट्टी आणि पोटात गंधक रसायन व त्रिफळा गुग्गुळ अशी योजना केली. तीन आठवड्यांनी ते पुन्हा आले, तेव्हा मनगटापासून कोपरापर्यंत दोऱ्यात मणी ओवावेत तशा चार ग्रंथी एका ओळीत उमटल्या होत्या. ग्रंथी दिसल्या म्हणून कांचनार गुग्गुळ सुरू केला. आणखी दोन आठवडे गेले.

त्यानंतर एकदा सहज विचारले, ‘दिवसभर वेळ कसा घालविता?’ उत्तर आले, ‘बोन्साय.’ गच्चीवर वड, उंबर आणि बोगनवेलीच्या मिळून तीस-पस्तीस कुंड्या होत्या. मुळांभोवती गुंडाळण्यासाठी कोरडे मॉस मागवून ते उघड्या हातांनी कुसकरीत असत. बोगनवेलीचा काटा बोटात मोडल्याचेही त्यांना तेव्हाच आठवले. पहिल्या भेटीत विचारावयाचा प्रश्न मी पाच आठवड्यांनी विचारला, हा दोष सर्वस्वी माझा. प्रस्तुत लेख त्या दोषातूनच लिहिला आहे.

या विकाराचे नाव स्पोरोट्रायकोसिस. स्पोरोथ्रिक्स या बुरशीमुळे तो होतो. १८९८ साली बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात बेंजामिन शेंक यांनी त्याचे प्रथम वर्णन केले. ही बुरशी माती, कुजणारा पालापाचोळा, लाकूड, काटे आणि मॉस यांवर तंतुरूपाने वाढते. त्वचेखाली शिरून शरीराची उष्णता मिळाली की यीस्टचे रूप घेते. काटा किंवा काडी टोचल्यापासून पुटकुळी उठेपर्यंत साधारणतः एक ते बारा आठवडे जातात. तोवर रुग्ण तो काटा विसरलेला असतो, आणि निदान चुकते ते बहुधा येथेच.

सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेतील आहे. १९८८ साली तेथील १५ राज्यांत ८४ जणांना हा विकार झाला. शोध घेता त्याचे मूळ विस्कॉन्सिनमध्ये काढलेल्या स्फॅग्नम मॉसमध्ये आढळले. सूचिपर्णी वृक्षांची रोपे त्या मॉसमध्ये बांधून पाठविली जात आणि ती सोडविणारे हात बाधित होत. हेच स्फॅग्नम पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैनिकांच्या जखमांवर बांधले जात होते. एडिनबराचे शल्यचिकित्सक चार्ल्स वॉकर कॅथकार्ट यांनी त्याचा आग्रहाने पुरस्कार केला, कारण स्वतःच्या वजनाच्या सुमारे वीसपट द्रव ते शोषून घेते. ओलावा धरून ठेवण्याच्या याच गुणासाठी बोन्सायकार आणि गुटी कलम बांधणारे आपले माळी त्याला जवळ करतात. येथे एक भेद ध्यानी घ्यावा. लांब धाग्यांचे सुके मॉस वेगळे, आणि दलदलीच्या तळाशी दीर्घकाळ कुजून बनलेले पीट वेगळे. या विकाराचा संबंध प्रामुख्याने पहिल्याशी आढळला आहे. नारळाच्या काथ्यापासून होणारे कोकोपीट तर तिसरीच वस्तू.

हा विकार परदेशापुरता मर्यादित नाही. हिमाचल प्रदेशातील कांगडा खोरे, हिमालयाचा पायथा आणि ईशान्य भारत येथे तो पूर्वापार आढळतो. महाराष्ट्रात तो विरळा, आणि विरळा म्हणूनच आपल्या मनात येत नाही.

आपल्या परिभाषेत हा आगंतु व्रण. पुढे तो दुष्टव्रणाचे आणि ग्रंथींचे रूप घेतो. सुश्रुतांनी व्रणाचे साठ उपक्रम सांगितले आहेत आणि ते आपण अभिमानाने वापरतो. मात्र हेतूचा शोध न घेता उपक्रम आरंभिला, तर पट्टीखाली बुरशी आपले काम करीतच राहते. अशा ओळीने उठणाऱ्या ग्रंथी त्वचेचा क्षय, नोकार्डिया, मत्स्यपेटीच्या पाण्यातून होणारा मायकोबॅक्टेरियाचा संसर्ग आणि लीशमॅनियासिस यांतही दिसतात. म्हणून केवळ डोळ्यांनी निश्चय करू नये. ग्रंथींना पू आला आहे असे समजून चिराही देऊ नये.

रुग्णास त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठविताना चिठ्ठीत ‘मॉस व मातीशी संपर्क, बुरशीसाठी कल्चर करावे’ असे स्पष्ट लिहावे. माझ्या रुग्णाचा पहिला नमुना कोणी तरी संपूर्णच फॉर्मेलिनमध्ये टाकला. फॉर्मेलिनमध्ये बुरशी मरते, मग कल्चरमध्ये उगवणार काय? कल्चरचा तुकडा निर्जंतुक सलाइनमध्येच गेला पाहिजे. सूक्ष्मदर्शकाखाली ही बुरशी पुष्कळदा दिसतच नाही, त्यामुळे सारी भिस्त कल्चरवर असते. दुसऱ्या नमुन्यातून ती उगवली आणि इट्राकोनॅझोल सुरू झाले. हे औषध व्रण भरल्यानंतरही दोन ते चार आठवडे चालू ठेवावे लागते. एकूण काळ बहुधा तीन ते सहा महिन्यांचा होतो. हृदयदौर्बल्य किंवा यकृताचा विकार असेल, तर ते तज्ज्ञांना आधीच कळवावे. रुग्ण आपल्याकडून कोणते कल्प घेत आहे, हेही त्यांच्यापासून लपवू नये.

कुंडीच्या मातीचा धोका निराळ्या वाटेने येतो. पिशवीबंद माती आणि कंपोस्ट यांत लेजिओनेला लाँगबीची हा जिवाणू असू शकतो. १९८८-८९ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियात त्यामुळे न्यूमोनियाची साथ आली आणि पुढे तेथील कुंड्यांच्या मातीत तो सापडला. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमध्ये अशा पिशव्यांवर सावधगिरीची सूचना छापलेली असते. येथे मी पाहिलेल्या पिशव्यांवर ती आढळली नाही. वयस्कर, धूम्रपान करणारा किंवा दम्याचा रुग्ण माती भरल्यानंतर दोन ते दहा दिवसांत तीव्र ज्वर, कास आणि श्वास घेऊन आला, तर घरी कल्प देऊन वाट पाहू नये, त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे. पेनिसिलिन गटातील प्रतिजैविके येथे निष्फळ ठरतात. लेजिओनेलासाठी सामान्यतः केली जाणारी मूत्रपरीक्षा दुसऱ्या जातीसाठी असल्याने ‘निगेटिव्ह’ येऊन दिशाभूल करते. मातीचा उल्लेख चिठ्ठीत हवा तो यासाठीच.

निदानपरिवर्जनाचा भाग सोपा आहे. मॉस कोरडे असताना कुसकरू नये. पिशवी मोकळ्या हवेत, तोंडापासून दूर धरून कात्रीने उघडावी आणि आतच पाणी शिंपडून मॉस भिजवावे. मातीचेही तसेच. हातांत मनगट झाकणारे रबरी मोजे, अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा, नाकावर घट्ट बसणारा एन-९५ मास्क असावा. नुसता रुमाल पुरत नाही. मातीची पिशवी उन्हात तापत ठेवू नये आणि पाण्याचा फवारा जोराने मारू नये. बोन्सायची तार कापताना हातास ओरखडा आला, तर लगेच साबणाने धुवावे. धनुर्वाताची लस वेळेवर घेतलेली असावी. काम झाल्यावर हात धुतल्याखेरीज तंबाखू मळू नये, हे सांगताना संकोच करू नये. मधुमेही रुग्णांनी, विशेषतः पावसाळ्यात, हातावर जखम असता मातीत हात घालूच नये.

औषधनिर्माणशाळांच्या मालकांनी ही गोष्ट केवळ छंदिष्टांची समजू नये. शतावरीची काटेरी वेल, मातीसकट आलेली मुळे, ओलसर कोठारातील गवताचे वेष्टन, रोपवाटिकेतील मॉस हे सारे आपल्या कामगारांच्या हातांखालून रोज जाते. मुळे कोरडी झटकण्याऐवजी आधी पाण्याने धुवून घ्यावीत, म्हणजे धूळ उडत नाही. निवडणाऱ्या स्त्रियांना मोजे द्यावेत आणि ते फाटले की बदलून द्यावेत. कामगाराच्या बोटावरील व्रण दोन आठवड्यांत न भरल्यास त्यास स्वतःच्याच कारखान्यातील मलम लावून कामावर ठेवण्याची आपली जुनी सवय सोडावी लागेल.

त्या गृहस्थांचे औषध सव्वाचार महिन्यांनी थांबले. तर्जनीवर पांढुरका वण राहिला. बोन्साय त्यांनी सोडले नाही. मॉस मात्र आता बादलीत भिजवूनच बाहेर काढतात. माझ्या रुग्णपत्रिकेत ‘व्यवसाय’ या रकान्याखाली ‘छंद’ असा नवा रकाना आहे.