निमचे हस्तसंकेत आणि वाक्याची कसोटी

हस्तसंकेत आत्मसात करणे आणि भाषा आत्मसात करणे या गोष्टी एकच होत काय? या प्रश्नाच्या अभ्यासकास जेम्स मार्श यांचा ‘प्रोजेक्ट निम’ (२०११) हा अनुबोधपट उद्बोधक वाटेल. १९६६ पासून गार्डनर दांपत्याने वॉशू या चिंपांझी मादीस बधिरांची अमेरिकन संकेतभाषा शिकविण्याचा प्रयोग केला होता. त्यानंतर कोलंबिया विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट टेरेस यांनी, १९७३ साली ओक्लाहोमात जन्मलेल्या एका चिंपांझीस न्यूयॉर्कमधील कुटुंबात वाढवून तीच भाषा शिकविण्याचे योजिले. भाषा ही केवळ मानवाची उपजत शक्ती होय, हे नोम चॉम्स्की यांचे मत. त्यांच्याच नावावरून या पिलाचे नाव ‘निम चिंप्स्की’ असे ठेवण्यात आले.

निम सुमारे १२५ संकेत शिकला. दोन-तीन संकेत तो जोडूनही करी. प्रथमदर्शनी ही वाक्येच भासत. परंतु चित्रफितींचे बारकाईने निरीक्षण करता टेरेस यांना निराळेच आढळले. निमचे अनेक संकेत शिक्षकाने नुकत्याच केलेल्या संकेतांचे अनुकरण होते. मुलाची उक्ती वयाबरोबर लांबते व तिचा आशयही वाढतो. निमच्या उक्तीची सरासरी लांबी मात्र फारशी वाढली नाही. त्याच्या सोळा संकेतांच्या सर्वांत दीर्घ उक्तीत ‘दे’, ‘संत्रे’, ‘मी’, ‘खाणे’, ‘तू’ हे पाचच संकेत पुनःपुन्हा येतात. १९७९ साली ‘सायन्स’ नियतकालिकात टेरेस यांनी आपला प्रतिकूल निष्कर्ष मांडला.

अनुबोधपट या निष्कर्षाची पार्श्वभूमी पुढे आणतो. निमचे पालक व शिक्षक वरचेवर बदलत गेले. अशा संगोपनात मानवी मुलाची तरी भाषा कितपत फुलली असती, अशी शंका त्यावरून येते. तथापि या अनुबोधपटात मूळ चित्रणाबरोबरच नटांकरवी पुनर्रचिलेले प्रसंगही आहेत. पुरावा म्हणून त्याचा उपयोग करताना हा भेद विसरता कामा नये.

१९७७ साली निमला ओक्लाहोमास परत पाठविण्यात आले आणि १९८२ साली वैद्यकीय प्रयोगशाळेस विकण्यात आले. लोकांनी आवाज उठविल्यावर त्याची तेथून सुटका झाली. २००० साली टेक्सासमधील प्राणिआश्रयस्थानात तो मरण पावला. वाक्यरचना त्यास साधली नाही, हे मान्य करावे लागते. परंतु प्रयोग संपल्यावरही परिचित माणसांशी तो हातांनी संकेत करीत राहिला. प्रयोगविषय झालेल्या जिवाचे उत्तरदायित्व निष्कर्षाबरोबर संपते काय, हा प्रश्न पद्धतिविचाराचाच एक भाग मानला पाहिजे.