गाडी पळवणं सोपं, आवरणं अवघड : घरी बनवलेल्या इलेक्ट्रिक मोटरसायकलचा वेग



२०२१ मध्ये नांदेड जिल्ह्याच्या अर्धापूर तालुक्यातल्या एका तरुण शेतकऱ्यानं पेट्रोलच्या भावाला कंटाळून घरीच इलेक्ट्रिक मोटरसायकल बनवली. ७५० वॅटची मोटर, ४८ व्होल्टची बॅटरी आणि कंट्रोलर. बातमी सगळीकडे फिरली. आता आपल्या तिगाव-पांढुर्णा-सौसर भागातली पोरंही विचारतात, की जुन्या गाडीचं इंजिन काढून मोटर बसवली तर मासोळीची पेटी बाजारात स्वस्तात जाईल का? जाईल. पण मोटर फिरवणं हे अर्धंच काम आहे. खरं काम आहे तिचा वेग हातात ठेवणं. म्हणून हे सविस्तर लिहितो आहोत.

थेट जोडली तर काय होतं?

बॅटरीच्या दोन तारा लावल्या की डीसी मोटर फिरते. फिरायला लागली की ती स्वतःच बॅटरीच्या उलट दाब तयार करते, त्यामुळे करंट आटोक्यात राहतो. उभ्या मोटरला हा उलट दाब नसतो. समजा मोटर आणि तारा मिळून रोध ०.२ ओहम आहे. ४८ भागिले ०.२, म्हणजे सुरुवातीलाच २४० अँपिअर! ७५० वॅटला चालताना लागतात साधारण १६. एवढ्या करंटनं तार वितळते, स्विच चिकटतो, आणि गाडी हिसका देऊन माणसासकट पेटी पाडते.

रोध लावून वेग कमी करायचा का?

जुनी पद्धत तीच होती. मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला पहिली विजेची लोकल धावली, १५०० व्होल्ट डीसीवर. जुन्या डीसी लोकल सुरू होताना मोटरपुढे रोध लावायचे आणि वेग वाढला की टप्प्याटप्प्यानं काढायचे. रेल्वेला ते परवडलं, आपल्याला नाही. हिशोब बघा. मोटरला २४ व्होल्ट द्यायचे आणि उरलेले २४ रोधात घालवायचे, तर १५ अँपिअरला ३६० वॅट नुसती उष्णता. अर्धी बॅटरी शेगडीत गेली म्हणा ना!

कंट्रोलर काय करतो?

तो सेकंदाला हजारो वेळा वीज चालू-बंद करतो. अर्धा वेळ चालू, अर्धा वेळ बंद, तर मोटरला सरासरी २४ व्होल्ट मिळतात. मूठ पिळाल तसा चालू राहण्याचा वेळ वाढतो. आतला इलेक्ट्रॉनिक स्विच एक तर पूर्ण चालू, नाही तर पूर्ण बंद, म्हणून वीज फार वाया जात नाही. चांगला कंट्रोलर करंटलाही हद्द घालतो. घेताना व्होल्ट बघताच, अँपिअरची हद्दही विचारा.

मोटर ओळखून घ्या. दोनच जाड तारा असतील तर ती ब्रशवाली. तीन जाड आणि सोबत पाच बारीक असतील तर बिनब्रशची. दोघींचे कंट्रोलर वेगळे, अदलाबदल चालत नाही.

भरलेली पेटी आणि चढ

तिगाव-चिचोंडा घाटात मालगाडी कशी चढते ते आपण बघतोच. ओझं घेऊन चढताना मोटरला जोर लागतो, आणि डीसी मोटरचा जोर म्हणजे करंट. गाडी रांगते, मूठ मात्र पिळलेली, अशा वेळी मोटर तापून जळते. मोठा कंट्रोलर लावून हे सुटत नाही, उलट लवकर जळेल. मागचं स्प्रॉकेट मोठं करा. वेग थोडा कमी होईल, पण मोटर मोकळी फिरेल.

सगळ्यात महत्त्वाचं

कंट्रोलरमधला स्विच जळला तर पुष्कळदा चालू अवस्थेतच अडकतो. मग ब्रशवाल्या मोटरला पूर्ण ४८ व्होल्ट मिळतात. मूठ सोडली तरी गाडी पळत राहते! मुठीची काळी तार तुटली तरी स्वस्त कंट्रोलरला वाटतं, पूर्ण मूठ पिळली आहे. बाजाराच्या गर्दीत असं झालं तर? म्हणून एवढं केल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका :

• मुख्य वीज तोडणारा डीसी ब्रेकर, बसल्या जागी हात पोचेल असा. घरचा एसीचा एमसीबी नको, डीसीची ठिणगी त्यात विझेलच असं नाही.
• बॅटरीच्या प्लसजवळच फ्यूज.
• ब्रेक दाबताच कंट्रोलर बंद होईल अशी तार. पण कंट्रोलर अडकला तर ही तार कामाची नाही, तेव्हा ब्रेकरच वाचवतो.
• दोन्ही चाकांचे ब्रेक ओझ्यासकट तपासलेले.
• कंट्रोलर पेटीच्या खाली नको. बर्फाचं पाणी गळतं.
• पहिली चाचणी मागचं चाक उचलून.

कायद्याचंही बघा

मोटर २५० वॅटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल, आणि नियमातल्या बाकी अटी पाळल्या असतील, तरच नोंदणीतून सूट मिळते. ७५० वॅटची गाडी त्यात बसत नाही. जुन्या गाडीचं इंजिन बदलायचं तर मान्यताप्राप्त किट आणि आरटीओची मंजुरी लागते. नाही तर अपघातात विम्याचा पैसा अडकतो, आणि घरच्यांना भोगावं लागतं.

पोरांनो, बनवा, जरूर बनवा. फक्त मोटर विकत घ्यायच्या आधी ब्रेकर घ्या.