किल्ल्याच्या आडोशाचं बंदर

आमच्या घाटावरच्या कन्हेरी गावाकडचा माणूस समुद्र बघायला निघाला की ताम्हिणी घाट उतरतो, माणगाव-मंडणगड करत दापोली गाठतो, मुरूड-कर्द्याच्या वाळूत पाय भिजवतो आणि परततो. हर्णै वाट्याला येतं ते जेवणापुरतं. हा किनारा समजून घ्यायचा असेल तर आधी दुपार कलल्यावर हर्णैच्या बंदरात उभं राहावं.

होड्या नांगरलेल्या दिसतात, पण काठाला टेकत नाहीत; किनारा उथळ आहे. मोठा धक्का नसल्यानं इथे वर्षानुवर्षं बैलगाडी थेट पाण्यात घालतात. उसाच्या गाड्या बघत वाढलेल्या आम्हा लोकांना बैल नवे नाहीत, पण पोटाशी लाट येऊनही होडीच्या कडेला शांत उभा राहिलेला बैल बघताना मान आदरानं झुकते. गाडी वाळूवर आली की मासळीचे ढीग पडतात आणि लिलावाला तोंड फुटतं. सुरमई, पापलेट, बांगडा, कोळंबी. हर्णै आणि शेजारच्या पाजपंढरीच्या बायका ढिगाकडे एक नजर टाकून बोली वाढवतात किंवा सोडून देतात. ती नजर पिढ्यांची कमाई आहे.

पण हे बंदर इथेच का? उत्तर समोर पाण्यात उभं आहे. सुवर्णदुर्ग किल्ला बेटावर आहे, आणि बेट व किनारा यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्ट्यात उघड्या समुद्राचा मार कमी लागतो. मराठा आरमाराच्या आंग्र्यांची गलबतं याच आसऱ्याला राहिली, आजच्या होड्याही इथेच नांगर टाकतात. किनाऱ्यावरचे कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला हे याच पट्ट्याचे राखणदार. फत्तेगडावर आता मच्छीमारांची वस्ती आहे. पर्यटक किल्ला एकीकडे आणि मासळीबाजार दुसरीकडे बघतात. माझ्या मते ती एकाच पाण्याची दोन रूपं आहेत.

सुवर्णदुर्ग पडला तोही याच पाण्यातून. किल्ला ज्यांच्या ताब्यात होता ते तुळाजी आंग्रे आणि नानासाहेब पेशवे यांचं वैर विकोपाला गेलं होतं. पेशव्यांनी मुंबईकर इंग्रजांशी करार केला आणि एप्रिल 1755 मध्ये कमोडोर विल्यम जेम्स ‘प्रोटेक्टर’ हे जहाज घेऊन आला. समुद्राच्या बाजूनं केलेल्या माऱ्याला तट दाद देईना. तेव्हा त्यानं पाण्याची खोली मोजून जहाज बेट आणि किनारा यांच्यामध्ये आणलं. आत आग लागली, दारूकोठार उडालं आणि गड शरण आला. पुढच्याच वर्षी विजयदुर्गावर तुळाजीचं आरमार जळालं. घरातलं भांडण मिटवायला पेशव्यांनी परक्याच्या तोफा आणल्या आणि पश्चिम किनाऱ्यावरची मराठ्यांची सर्वांत जबर सागरी ताकद गमावली. ही चूक फार महागात पडली, असं मला ठामपणे वाटतं.

जेम्सच्या पत्नीनं पतीच्या निधनानंतर 1784 मध्ये लंडनच्या शूटर्स हिलवर या विजयाच्या स्मरणार्थ त्रिकोणी मनोरा बांधवला. तो ‘सेव्हर्नड्रूग कॅसल’ म्हणून आजही उभा आहे. आपल्याकडे जुलै 2025 मध्ये सुवर्णदुर्ग मराठा लष्करी स्थापत्याच्या 12 किल्ल्यांपैकी एक म्हणून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला. आनंदाची गोष्ट आहे.

किल्ल्यावर जायला स्थानिकांची होडीच लागते. महादरवाजाच्या पायरीवर कासव कोरलेलं आहे आणि तटावर मारुती. कन्हेरीचा मारुती आमचं श्रद्धास्थान, त्यामुळे तिथे हात आपोआप जोडले जातात. आत झाडोरा माजलाय, चालायला वेळ लागतो. भरती-ओहोटी होडीवाल्याला विचारूनच निघावं.

पावसाळ्यात मात्र येऊ नये. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, दर्याही खवळलेला असतो. ऑगस्टनंतर यावं, आणि वारसा म्हणून बंदराचा विचार होईल तेव्हा नव्या धक्क्याच्या आराखड्यात लिलावाची वाळू आणि त्या बायकांची बसायची जागा आधी आखली जावी, हे तिथल्या ग्रामस्थांसोबत आपणही सरकारला सांगावं.