पाळणाघर स्वस्त का, हे आधी विचारा

धानाची रोवणी सुरू झाली की लाखनी परिसरात तान्ह्या बाळाला कुणाकडे ठेवायचे, हा प्रश्न घराघरांत उभा राहतो. अंगणवाडीतले पूर्वप्राथमिक शिक्षण ३ ते ६ वर्षांच्या मुलांसाठी. त्याहून लहानांना आजी नाहीतर शेजारीण सांभाळते. नोकरदार आईवडील पाळणाघर शोधतात आणि आधी दर विचारतात.

दराचे गणित सोपे आहे. समजा, सांभाळणाऱ्या ताईंचा पगार ९,००० रुपये आहे. ३ बाळे असतील, तर पगारापोटीच प्रत्येकी ३,००० रुपये पडतात. ९०० रुपयांत भागवायचे, तर १० बाळे घ्यावी लागतात. मग लंगोट बदलल्यावर हात धुणे राहून जाते, जुलाब पसरतात, झोपलेल्या बाळाकडे लक्ष राहत नाही. इंग्लंडमध्ये २ वर्षांखालील ३ बाळांमागे किमान एक व्यक्ती बंधनकारक आहे.

कमी दर नेहमीच वाईट नसतो. राष्ट्रीय पाळणाघर योजनेत दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना महिना २० रुपयेच शुल्क होते. उरलेला भार अनुदानावर होता. खासगी पाळणाघराला असा आधार नसतो. म्हणून दराआधी विचारा, एका ताईंकडे बाळे किती? आणि न कळवता एकदा दुपारी जाऊन पाहा.