इंद्रायणीकाठची वही (भाग ६) : दिवाळे निघाल्याचे आभार

गेल्या आठवड्यात आपण आभाराकडे सवय म्हणून पाहिले. आजचा प्रश्न जास्त अडचणीचा आहे. ज्या गोष्टीने माणूस मोडला, तिचेच आभार त्याने मानावेत का? इंद्रायणी लोणावळ्याजवळ कुरवंड्याला उगम पावते आणि मावळातून वाहत देहूला जाते. त्या देहूत सतराव्या शतकात एका वाण्याचे दिवाळे निघाले. हा वाणी म्हणजे तुकोबा. त्यांच्या घरात महाजनकी होती, दुकान होते, सावकारीही होती. १६३० च्या आगेमागे दख्खन आणि गुजरातेत भीषण दुष्काळ पडला. शाहजहानच्या दरबारातला अब्दुल हमीद लाहोरी यानेही पादशाहनाम्यात त्याची नोंद ठेवली आहे. त्या दुष्काळात तुकोबांची थोरली बायको रखमा गेली, मुलगा संतू गेला, व्यापार बुडाला. आणि पुढे याच माणसाने एका अभंगात विठोबाला सांगितले की दिवाळे निघाले ते बरे झाले, दुष्काळाने छळले तेही बरे झाले, बायको कर्कशा मिळाली आणि लोकांत अपमान झाला, तेही बरेच झाले.

हे वाचून अंगावर काटा येतो, यायलाच हवा. दुष्काळात अन्नावाचून बायको मरते आणि नवरा त्या दुष्काळालाच 'बरे झाले' म्हणतो, हे वैराग्य की निर्दयपणा? पण हा अभंग सुटा वाचायचा नसतो. तुकोबांच्या गाथेतच त्यांचा एक आत्मचरित्रपर अभंग आहे. दुष्काळाने पैसा आणि मान दोन्ही कसे नेले, घरातली बाई अन्नासाठी कशी गेली, धंदा बसताना पाहून स्वतःची लाज कशी वाटली, हे त्यात काहीही न झाकता सांगितले आहे. म्हणजे नुकसान आधी पूर्ण नावे लिहिले गेले आहे. वाण्याच्या मुलाला खर्च लपवून जमेची बाजू फुगवणे कसे जमणार? शिवाय आभार नुसते तोंडी राहिले नाहीत. परंपरा सांगते की त्यांनी कर्जखतांची वाटणी केली, धाकट्या भावाचा निम्मा हिस्सा त्याला दिला आणि आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत सोडली. दुष्काळ सावकारावर पडला तसा कुळांवरही पडला होता, हे त्या कृतीत दिसते. मला या साऱ्या प्रकरणात ही बुडवलेली खते सर्वांत बोलकी वाटतात. मावळातल्या भंडारा डोंगरावरचा तुकोबांचा एकांत लोकांना जास्त आठवतो, पण एकांताला कुणाचे कर्ज माफ करावे लागत नाही.

आजचे मानसशास्त्र याबाबत सावध आहे. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलो यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांपैकी एकात काही जणांनी दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, ज्यांचे आभार मानावेत अशा जास्तीत जास्त पाच गोष्टी लिहिल्या, तर काहींनी त्रासाच्या गोष्टी लिहिल्या. आभार लिहिणाऱ्यांना आपले आयुष्य अधिक बरे वाटले. स्नायू आणि मज्जातंतूंच्या आजाराच्या रुग्णांबाबतही असा फरक दिसला. पण नंतर अनेक प्रयोग एकत्र तपासले तेव्हा नैराश्य आणि चिंतेवरचा परिणाम लहानच निघाला. वही उपयोगी आहे, औषध नव्हे.

खरा आक्षेप दुसरा आहे. आभाराची शिकवण गांजलेल्याला गप्प बसवायला वापरतात. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ द्रुतगती महामार्गावर पवना धरणाच्या बंद जलवाहिनीविरुद्ध आंदोलन करणारे तीन शेतकरी पोलिसांच्या गोळीबारात मरण पावले. त्यांच्या घरच्यांना सकारात्मक राहायला सांगणे म्हणजे निर्लज्जपणा. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, आणि तुकोबांच्या विरोधात तो जात नाही. दिवाळे त्यांचे स्वतःचे होते; 'बरे झाले' म्हणायचा हक्क त्यांनी कुणा दुसऱ्याच्या दिवाळ्यावर बजावला नाही. शिवाय विठोबाशी ते आयुष्यभर भांडले, तक्रारीचे अभंग त्यांनी ढिगाने लिहिले.

एक अडचण मात्र उरते. रखमाचा मृत्यू एकट्या तुकोबांचा तोटा नव्हता, आणि खते बुडाल्यावर चूल पेटवायची होती ती दुसरी बायको जिजाई हिला. तिला कजाग ठरवून कीर्तनात हशा मिळवणे सोपे आहे. पण घरात दाणा नसताना पाहुणे येतात, ही तिची कुरकुर आपल्यापर्यंत पोहोचली ती तुकोबांच्याच अभंगांतून, आभाराच्या त्या अभंगाबरोबर एकाच गाथेत.