‘माझा विमा’ : षष्ठीचा अर्थ आणि कीमॅन विमा

‘कंपनीने माझा विमा उतरविला आहे’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. परंतु त्याचा अर्थ एकच नाही. ‘चित्रकाराचे चित्र’ म्हणजे चित्रकाराने काढलेले, त्याच्या मालकीचे, किंवा ज्यात तो स्वतः रेखाटला आहे ते, असे तीन अर्थ संभवतात. षष्ठी संबंध सांगते, संबंधाचे स्वरूप सांगत नाही. कर्तरि षष्ठी व कर्मणि षष्ठी हा संस्कृत वैयाकरणांचा भेद अशाच संदिग्धतेवर प्रकाश टाकतो. कीमॅन विमा या नावाने रूढ असलेल्या व्यवहारात ही संदिग्धता नोकराला कोठे नेते, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

आयुर्विम्यात तीन भूमिका असतात : करार करून हप्ते भरणारा विमाधारक, ज्याच्या आयुष्यावर विमा आहे तो विमित, आणि रक्कम घेणारा लाभार्थी. आपण स्वतःचा विमा उतरवितो तेव्हा पहिल्या दोन भूमिका एकाच व्यक्तीकडे असतात व तिसरी बहुधा तिच्या कुटुंबाकडे जाते. म्हणून ‘माझा’ या शब्दाची फोड करण्याची गरज पडत नाही. कीमॅन विम्यात विमाधारक कंपनी, लाभार्थीही कंपनीच. नोकर केवळ विमित. येथील ‘माझा’ म्हणजे ‘माझ्या आयुष्यावरचा’, ‘माझ्या मालकीचा’ नव्हे.

हप्ता मालक भरतो एवढ्यावरून मात्र हा भेद ठरत नाही. भविष्यनिर्वाह निधीशी संलग्न अशा १९७६ च्या ठेवसंलग्न विमा योजनेत वर्गणी मालकच भरतो, तरी रक्कम मृत नोकराच्या वारसांना मिळते. कीमॅन विम्याचा हेतू निराळा आहे. कुशल अभियंता वा संचालक अकाली गेल्यास धंद्याची जी हानी होते, तिची भरपाई करणे हा तो हेतू होय. ही संभाव्य हानी हेच कंपनीचे विमायोग्य हितसंबंध. ते नसतील तर परक्याच्या आयुष्यावरचा विमा ही केवळ पैज ठरेल, आणि १८७२ च्या भारतीय करार अधिनियमाने पैजेचे करार निरर्थक ठरविले आहेत.

नोकराचा या करारातील भाग लहान नसतो. वैद्यकीय तपासणी त्याची होते. प्रकृतीविषयीची उत्तरे त्यालाच द्यावी लागतात. तथापि नामनिर्देशनाचा अधिकार त्याला नाही, कारण १९३८ च्या विमा अधिनियमाने तो अधिकार स्वतःच्या आयुष्यावरील विम्याच्या धारकास दिला आहे. तपासणीस आपण गेलो, सही आपण केली, म्हणून रक्कम आपल्या घरी येईल, असे समजून कुटुंबाने गृहकर्जाचा हिशेब मांडला, तर तो हिशेब एका प्रत्ययाच्या चुकीच्या अर्थावर उभा राहतो.

१९९६ साली आयकर अधिनियमात आलेल्या व्याख्येतील क्रियापदही लक्षणीय आहे. विमित व्यक्ती नोकर ‘आहे किंवा होती’, अशी दोन्ही काळांची योजना तीत होती. म्हणजे नोकरी संपल्याने विम्याचे स्वरूप आपोआप पालटत नाही. कंपनी तो विमा चालू ठेवील, मोडील, अथवा नोकराच्या नावे हस्तांतरित करील. हस्तांतर झाले की विमा खरोखरीच ‘माझा’ होतो. परंतु करापुरते जुने नाव त्यास चिकटून राहते. हस्तांतरानंतर तो साधा विमा होऊन रक्कम करमुक्त ठरते, असा अर्थ पूर्वी लावला जात असे. २०१३ च्या वित्त अधिनियमाने व्याख्येत सुधारणा करून, मुदतीत हस्तांतरित झालेला विमाही कीमॅन विमाच समजावा, असे स्पष्ट केले. निवृत्तीच्या वेळी असा विमा भेट म्हणून स्वीकारणाऱ्याने हे ध्यानी घ्यावे.

अमेरिकेत २००६ च्या निवृत्तिवेतन संरक्षण अधिनियमाने अशा विम्याच्या करसवलतीसाठी एक अट घातली : विमा काढण्यापूर्वी नोकरास रकमेची कमाल मर्यादा आणि लाभार्थी मालक आहे ही गोष्ट लेखी कळवावी, व नोकरी सुटल्यावरही विमा चालू राहू शकेल यासह त्याची लेखी संमती घ्यावी. षष्ठीने जे मोघम ठेवले, ते कायद्याने पूर्ण वाक्यांत वदवून घेतले, असे म्हणावयास हरकत नाही.

तात्पर्य, कीमॅन विमा नोकराच्या मूल्याची पावती असेल. त्याच्या कुटुंबाचे संरक्षण मात्र नव्हे. ते त्याने स्वतंत्रपणे योजावे. आणि सही करण्यापूर्वी ‘माझा विमा’ या दोन शब्दांऐवजी तीन प्रश्न विचारावेत : धारक कोण, रक्कम कोणास, आणि मी नोकरी सोडल्यावर पुढे काय?