लेकीच्या कॉलेजचा फोटो कुठे आहे?

आपल्या घरातला अल्बम एकदा उघडून पाहा. निकाह, वलीमा, अकीका, ईद, हजला निघालेले दादा-दादी, हे सगळे फोटो त्यात सापडतील. मुलीचा एक फोटो स्थळासाठी मुद्दाम स्टुडिओत काढलेला असेल. पण तीच मुलगी प्रयोगशाळेत परीक्षानळी धरून उभी आहे, ग्रंथालयात नोट्स उतरवते आहे, एस.टी.च्या पासासाठी रांगेत थांबली आहे, असा फोटो सापडेल का? बहुतेक घरांत तो नसतोच. तीन वर्षे ती कॉलेजला गेली, पदवीही घेतली, पण तिचे ते दिवस घरच्यांनी कधी पाहिलेच नाहीत.

हे आमच्या लक्षात आले ते एका माजी विद्यार्थिनीमुळे. दहावीनंतर ती तालुक्याच्या कॉलेजात गेली. बारावी झाली आणि घरात कुजबुज सुरू झाली, ‘आता पुरे.’ अम्मीने कॉलेजचे फाटक आतून कधी पाहिले नव्हते. मुलगी दिवसभर कुठे असते, कोणाबरोबर बसते, काय करते, याची कल्पना नसल्याने मनात फक्त काळजी होती. आम्ही समजूत घालायला घरी गेलो, तेव्हा मुलीने मोबाईल पुढे केला. सकाळची बस, खिडकीशी बसलेल्या मैत्रिणी, फळ्यावरचे गणित, डबा खातानाचा पाचजणींचा घोळका, जोहरच्या नमाजसाठी एका बाईंनी उघडून दिलेली रिकामी खोली. अम्मी एकेक फोटो बोटाने मोठा करून पाहत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, “टीचर, ही तर खरंच शिकते हो!” आमचे तासाभराचे बोलणे जे करू शकले नव्हते, ते त्या साध्या फोटोंनी केले. मुलगी आज बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे.

अशा साध्या फोटोंची किंमत काळ गेल्यावर आणखी वाढते. होमाई व्यारावाला यांचे उदाहरण घ्या. भारतातील पहिल्या महिला छायापत्रकार म्हणून त्या ओळखल्या जातात. जन्म १९१३ सालचा, नवसारीतल्या पारशी कुटुंबातला. वडील उर्दू-पारशी नाटक मंडळीत नट होते. मुंबईत सर जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये त्या शिकल्या आणि पुढे ज्यांच्याशी लग्न झाले त्या मानेकशॉ यांच्याकडून कॅमेरा शिकल्या. पुढे त्यांनी स्वातंत्र्याचा सोहळा आणि गांधीजींची अंत्ययात्रा कॅमेऱ्यात टिपली. पण त्यांची सुरुवात मोठ्या माणसांपासून झाली नव्हती. बायकांच्या एका सहलीचे त्यांचे फोटो ‘बॉम्बे क्रॉनिकल’ने छापले, प्रत्येकी एक रुपया मोबदला देऊन. आणि १९३०च्या दशकाच्या शेवटी त्यांनी फोटो काढले ते आपल्या वर्गमैत्रिणींचे. रेहाना नावाची त्यांची एक मैत्रीण त्या फोटोंत पुन्हा पुन्हा दिसते. सुरुवातीला होमाईंचे काम पतीच्या नावाने छापले जात असे, पण २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले ते स्वतःच्या नावावर. त्या काळी मुंबईत मुली कला शिकत होत्या, एकत्र काम करत होत्या, हे पुस्तकात वाचणे वेगळे आणि त्यांचे चेहरे पाहणे वेगळे. ते चेहरे आज दिसतात, कारण एका विद्यार्थिनीला आपल्या मैत्रिणींचा रोजचा दिवस जपण्यासारखा वाटला.

इथे पालकांच्या मनात येणारा प्रश्न आम्हाला ठाऊक आहे. मुलींचे फोटो काढायचे आणि ते भलत्याच हाती गेले तर? ही भीती पोकळ नाही. जुलै २०२१ मध्ये आणि पुन्हा जानेवारी २०२२ मध्ये मुस्लिम स्त्रियांचे इंटरनेटवरचे फोटो उचलून त्यांचा खोटा ‘लिलाव’ मांडण्याचा नीच प्रकार घडला. त्यात पत्रकार होत्या, शिकलेल्या, बोलणाऱ्या स्त्रिया होत्या. पोलिसांनी पकडलेल्या संशयितांत कॉलेजात शिकणारी मुलेही होती. गुन्हा त्या मुलांचा होता, फोटोतल्या स्त्रियांचा नव्हता. तरीही आपल्याकडे अशा वेळी पहिला दरवाजा बंद होतो तो मुलीच्याच शिक्षणाचा. ही मोठी नाइन्साफी आहे.

यातून मार्ग आपल्या दीनने दाखवलेलाच आहे. सूरह नूरमध्ये दुसऱ्याच्या घरात शिरण्यापूर्वी इजाजत घेण्याची आणि सलाम करण्याची शिकवण आहे. सूरह हुजुरातमध्ये दुसऱ्याच्या खासगी गोष्टींची टेहळणी करण्यास मनाई आहे. आम्हाला वाटते, कॅमेरा रोखणे हेही कोणाच्या तरी आयुष्यात पाऊल टाकणेच आहे. म्हणून आधी विचारावे. कोणी ‘नको’ म्हटले तर कारण न विचारता मोबाईल खाली ठेवावा. काढलेला फोटो ही अमानत आहे. काढायची इजाजत मिळाली म्हणजे तो ग्रुपवर टाकायचीही मिळाली, असे होत नाही. त्यासाठी पुन्हा विचारले पाहिजे. हा धडा मुलींइतकाच, किंबहुना जास्त, आपल्या मुलांना द्यायला हवा.

कॉलेजला जाणाऱ्या मुलामुलींना आम्ही काही साध्या गोष्टी सांगतो. चेहरा दाखवायचा नसेल तरी दिवस दाखवता येतो. वहीवर लिहिणारा हात, बाकावरचा डबा, पाठमोऱ्या चालणाऱ्या मैत्रिणी, यांतही सगळे येते. फ्लॅशपेक्षा खिडकीचा उजेड चांगला. मोबाईलच्या फोटोत जागेची नोंद राहू शकते, ती सोय बंद ठेवावी. आणि मुख्य म्हणजे वर्षातून दहा-बारा निवडक फोटो कागदावर छापून घ्यावेत आणि मागे तारीख, जागा, नावे लिहावीत. मोबाईल हरवतो, बिघडतो, पण कपाटातला अल्बम राहतो. कोणी फोटोचा गैरवापर केलाच, तर पुसून टाकण्याची घाई करू नये. स्क्रीनशॉट ठेवून सायबर पोलिसांकडे तक्रार करावी आणि घरच्यांनी मुलीच्या पाठीशी उभे राहावे.

पालकांनाही एक विनंती आहे. आज संध्याकाळी मुलीला ‘किती मार्क पडले’ एवढेच विचारू नका. ‘तुझं कॉलेज दाखव ना’ असे म्हणा आणि शेजारी बसून पाहा. त्यातला एक फोटो निकाहच्या अल्बमच्या आधीच्या पानावर लावा. उद्या तिची मुले विचारतील, अम्मी कुठे शिकली होती? तेव्हा ते पान रिकामे नसावे. अल्लाह आपल्या लेकरांच्या तालीममध्ये बरकत देवो आणि त्यांच्या इज्जतीची हिफाजत करो. आमीन.